पिरॅमिड नेमके बांधले कसे? वादग्रस्त दाव्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे बहुतेक प्रश्न गिझाच्या थोरल्या पिरॅमिडविषयी, म्हणजे चौथ्या राजवंशातल्या खुफू राजाच्या पिरॅमिडविषयी आहेत. इ.स.पू. २५६० च्या आसपास तो उभा राहिला. मूळ उंची सुमारे १४६.६ मीटर, पायाची एकेक बाजू सुमारे २३० मीटर आणि दगड अंदाजे २३ लाख. रूढ मताहून वेगळं काही मांडणाऱ्यांची इथे टिंगल करायची नाही. त्यातले काही सिद्धांत अभियंत्यांनी आणि रसायनशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून उभे केले आहेत. मात्र प्रत्येक दाव्याला एक प्रश्न विचारायलाच हवा: असं खरंच घडलं असेल तर जमिनीवर त्याची कोणती खूण उरली असती, आणि ती सापडली का?

इजिप्तच्या लोकांनी पिरॅमिडच्या बांधकामाची काहीच नोंद ठेवली नाही, हे खरं का?

२०१३ पर्यंत असं म्हणायला जागा होती. त्या वर्षी फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या चमूला तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ इथल्या प्राचीन बंदरात पपायरसचे तुकडे मिळाले. मजकूर लिहिलेले याहून जुने पपायरस अजून कुठे सापडलेले नाहीत. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली सुमारे ४० माणसं होती आणि काळ खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरचा.

रोजनिशीतल्या नोंदी अशा चालतात. एक दिवस तुरा या ठिकाणच्या दक्षिण खाणीत दगड ओढण्यात गेला, मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी दगड भरून नाव सुटली, रात्री मुक्काम ‘खुफूच्या तलावा’पाशी. तिसऱ्या दिवशी तिथून निघून अखेत-खुफूला, म्हणजे पिरॅमिडच्या जागी. चौथ्या दिवशी सकाळी परत तुऱ्याच्या वाटेला. मग पुन्हा तेच. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा व्हायच्या. वरच्या देखरेखीवर अन्खहाफ होता, खुफूचा सावत्र भाऊ.

तुरा हे नाईलच्या पूर्व तीरावर. पिरॅमिडच्या बाहेरच्या आवरणाचा पांढराशुभ्र चुनखडक तिथूनच यायचा. मेरेर दगड वर कसे चढवले ते सांगत नाही, कारण त्याचं काम वाहतुकीचं होतं. पण पिरॅमिडच्या बांधकामावर प्रत्यक्ष राबलेल्या माणसानं लिहिलेला मजकूर आज आपल्याला वाचता येतो, आणि माझ्या मते या विषयावरच्या कुठल्याही चर्चेची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. दुर्दैवानं बहुतेक व्हिडिओंमध्ये मेरेरचं नावही नसतं.

मग परग्रहावरून आलेल्यांनी बांधले, ही कल्पना इतकी पसरली कशी?

१९६८ मध्ये स्विस लेखक एरिख फॉन डॅनिकेन यांच्या पुस्तकानं ती घरोघरी पोचवली. युक्तिवादाचा गाभा असा की एवढं अचूक आणि अजस्र काम त्या काळच्या माणसांना जमणं शक्य नव्हतं, पिरॅमिड जणू एकदम अवतरले.

ते एकदम अवतरलेले नाहीत, आणि हेच या कल्पनेविरुद्धचं सर्वांत भक्कम उत्तर आहे. इ.स.पू. २६५० च्या सुमारास सक्कारा इथे जोसर राजासाठी पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड झाला. त्याचा वास्तुविशारद म्हणून इम्होतेपचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. पुढे खुफूचा बाप स्नेफेरू यानं एकामागून एक प्रचंड पिरॅमिड बांधले. मेदूमच्या पिरॅमिडचं बाहेरचं आवरण पुढे ढासळलं. दहशूरचा पिरॅमिड सुमारे ५४ अंशांच्या उतारानं सुरू केला, पण बांधकामाला तडे जाऊ लागले तेव्हा निम्म्यावर उतार ४३ अंशांवर आणावा लागला. त्यामुळे तो आजही वाकलेला दिसतो. त्याच्या शेजारचा लाल पिरॅमिड मग सुरुवातीपासूनच ४३ अंशांचा ठेवला. या साऱ्या अनुभवानंतर खुफूचा पिरॅमिड आला. दोन-तीन पिढ्यांत चुका करत, त्या सुधारत शिकलेल्या लोकांचा हा माग आहे. तारे ओलांडून येणाऱ्यांना उताराचा अंदाज चुकून मध्यावर कोन बदलावा लागला असता, हे पटत नाही.

२० वर्षांत २३ लाख दगड म्हणजे दर दोन मिनिटांना एक. हे अशक्य नाही का?

आकडेमोड बरोबर आहे. वर्षाचे ३६५ दिवस, रोज दहा तास धरले तर २० वर्षांत ७३,००० तास होतात, आणि ताशी सुमारे ३१ दगड बसवावे लागतात. हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला तसंच उत्तर द्यायला हवं.

पहिली गोष्ट पिरॅमिडच्या आकाराची. त्याच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांश भागात एकूण घनफळापैकी तब्बल ७० टक्के सामावलेलं असतं. निम्म्या उंचीपर्यंत पोचलात की साडेसत्त्याऐंशी टक्के काम संपलं. सर्वांत वरच्या तिसऱ्या भागात उरतं ते जेमतेम पावणेचार टक्के. म्हणजे बहुतेक दगड पन्नास मीटरांच्याही वर न्यावे लागलेच नाहीत, आणि खालच्या थरांवर चारी बाजूंनी एकाच वेळी अनेक टोळ्या काम करू शकत होत्या. दहा टोळ्या धरल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला वीस मिनिटांना एक दगड येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आतल्या भरावाचा दगड लांबून आणलेला नाही. त्याची खाण पिरॅमिडच्या दक्षिणेला, अगदी हाकेच्या अंतरावर आहे. शिवाय पायाखाली नैसर्गिक खडकाचा उंचवटा तसाच ठेवून त्याभोवती बांधकाम केलं आहे. तिसरं म्हणजे आतले चिरे काटेकोर घडवलेले नाहीत. ओबडधोबड दगड रचून मधल्या फटी जिप्समच्या मसाल्यानं भरल्या आहेत. पर्यटकांना दिसणारी सुबकता आवरणाच्या दगडांची आणि आतल्या दालनांची.

काम सोपं होतं असं यातून निघत नाही. ते अवघडच होतं, पण माणसांच्या आवाक्यातलं होतं.

तांब्याच्या छिन्नीनं ग्रॅनाइट कापता येतो का?

नुसत्या छिन्नीनं नाही. चुनखडकाला तांबं पुरतं, धार मात्र सतत लावून घ्यावी लागते. ग्रॅनाइटसाठी पद्धत वेगळी होती. डोलेराइट या अतिशय कठीण दगडाचे गोळे हातात धरून खडक ठेचत जायचं. कापायचं असेल तर तांब्याच्या करवतीखाली वाळू टाकायची. प्रत्यक्ष काप वाळूतल्या गारेचे कण घेतात, तांबं फक्त त्यांना रेटतं. ब्रिटिश संशोधक डेनिस स्टॉक्स यांनी अस्वानमध्ये हे करून दाखवलं आहे. गती फार कमी आणि तांबं भरपूर झिजतं, पण ग्रॅनाइट कापला जातो.

अस्वानच्या खाणीत पुढच्या काळातला एक अर्धवट स्तंभ आडवा पडून आहे, सुमारे ४२ मीटर लांब. काम चालू असताना तडा गेला म्हणून तो सोडून दिला. त्याच्या कडेच्या चरांमध्ये ठेचण्याचे खोलगट वाटोळे खळगे ओळीनं दिसतात, आणि डोलेराइटचे गोळेही त्याच खाणीत सापडले आहेत.

राहिला प्रश्न एवढ्या तांब्याचा. ते सिनाईतून यायचं, आणि वादी अल-जर्फचं बंदर समुद्र ओलांडून सिनाईला जाण्यासाठीच होतं. मेरेरची रोजनिशी नेमकी तिथे का सापडली, याचा उलगडा त्यातून होतो.

दगड घडवलेले नसून काँक्रीटसारखे साच्यात ओतलेले आहेत, हे कितपत खरं?

सगळ्या पर्यायी सिद्धांतांमध्ये मला हा सर्वांत गंभीरपणे घेण्यासारखा वाटतो, कारण तो प्रयोगशाळेत तपासता येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डेव्हिडोविट्स यांनी तो मांडला: मऊ चुनखडक पाण्यात कालवायचा, त्यात बांधून ठेवणारे क्षार मिसळायचे आणि जागेवरच साच्यात भरायचा. म्हणजे चढवण्याचा प्रश्नच मिटला, मिश्रण टोपल्यांनी वर नेता येतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या मिशेल बारसूम यांच्या गटानं काही नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, निदान थोडे दगड तरी असे बनवलेले असावेत, असा निबंध प्रसिद्ध केला.

बहुतेक भूवैज्ञानिकांना तो पटला नाही. गिझाच्या चुनखडकात नाण्याच्या आकाराचे न्युम्युलाइट जीवाश्म खच्चून भरलेले आहेत, आणि पिरॅमिडच्या चिऱ्यांतही ते आहेत. कित्येक चिऱ्यांत खडकाचे मूळ थर सलग दिसतात. खडक कालवून ओतला असता तर हे थर मोडले असते. साच्यातून निघालेले ठोकळे एका मापाचे असते; इथे शेजारचे दोन दगडही सारखे नाहीत. आणि खाणी तर समोरच आहेत. चिरा सुटा करण्यासाठी चारी बाजूंनी खोदलेले चर, अर्धवट सुटलेले दगड आणि छिन्नीचे घाव तिथे आजही पाहता येतात. शिवाय राजाच्या दालनाच्या छतावरच्या, काही पन्नास टनांहून जड अशा ग्रॅनाइटच्या तुळया तर कोणी ओतलेल्या नाहीत. त्या ८०० किलोमीटरवरच्या अस्वानहून नदीतून आणल्या. त्या वर चढवता आल्या असतील तर अडीच टनांचे चिरे चढवायला अडचण काय होती?

रॅम्पबद्दल तज्ज्ञांचंही एकमत नाही ना?

नाही, आणि खरा, जिवंत वाद इथेच आहे.

सरळ रॅम्पची अडचण लांबीची. आठ टक्के चढ धरला तर शिखरापर्यंत पोचायला सुमारे १,८०० मीटर लांबीचा रॅम्प लागतो. एवढा बांध घालणं हे पिरॅमिडइतकंच मोठं काम, आणि गिझाच्या पठारावर त्याला जागाही नाही. पिरॅमिडभोवती बाहेरून गुंडाळत जाणारा रॅम्प घातला तर कोपरे झाकले जातात, मग चारी कडा वर एका बिंदूत मिळवण्यासाठी मापं घ्यायची कशी?

फ्रेंच वास्तुविशारद ज्याँ-पिएर उदँ यांनी २००७ मध्ये यावर देखणा तोडगा मांडला. खालचा भाग बाहेरच्या रॅम्पनं बांधायचा आणि वरचा भाग पिरॅमिडच्या आतूनच वळसे घेत जाणाऱ्या बोगद्यातून. ग्रॅनाइटच्या तुळयांसाठी थोरल्या सज्जाच्या (पिरॅमिडच्या आत राजाच्या दालनाकडे चढत जाणाऱ्या उंच वाटेच्या) उतारावर वजनांची गाडी खाली सोडून दुसऱ्या बाजूनं भार वर ओढायचा. १९८६ मध्ये एका फ्रेंच चमूनं गुरुत्वाकर्षणाची सूक्ष्म मोजणी केली होती. तिच्यात कमी घनतेचा सर्पिल आकार दिसतो, असं उदँ यांचं म्हणणं.

२०१५ पासून ‘स्कॅनपिरॅमिड्स’ प्रकल्पानं म्युऑन कणांच्या साहाय्यानं पिरॅमिडच्या आत डोकावायला सुरुवात केली. विश्वकिरणांतून तयार होणारे हे कण दगडातून कमी आणि पोकळीतून जास्त संख्येनं पार होतात. (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उतरून वर्षानुवर्षं याच कणांची मोजणी केली, हे आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखं.) २०१७ मध्ये थोरल्या सज्जाच्या वर निदान ३० मीटर लांबीची पोकळी असल्याचं जाहीर झालं. २०२३ मध्ये उत्तरेच्या प्रवेशद्वारामागे नऊ मीटरांचा मार्ग असल्याचं नक्की झालं आणि बारीक कॅमेरा आत सरकवून तो पाहताही आला. सर्पिल बोगदा मात्र आजवर जाहीर झालेल्या निष्कर्षांत नाही.

दरम्यान २०१८ मध्ये हतनूबच्या अलाबास्टर खाणीत एक विलक्षण गोष्ट समोर आली: २० टक्क्यांहून जास्त चढाचा रॅम्प, त्याच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि ओळीनं खांबांची भोकं. काळ खुफूचाच. खांबांना दोर घालून काही माणसं वरून आणि काही खालून ओढत असावीत. २० टक्के चढ जमत असेल तर मघाचा १,८०० मीटरचा रॅम्प ७०० मीटरांच्या आसपास येतो. खालच्या थरांसाठी खाणीकडून येणारे रुंद रॅम्प आणि वर जाताना बांधकामाला टेकून चढणारे अरुंद, तीव्र रॅम्प, अशी मिश्र पद्धत मला सर्वांत संभवनीय वाटते.

पाण्याच्या दाबानं दगड वर उचलले, असं नुकतंच सिद्ध झालं का?

सिद्ध झालेलं नाही. २०२४ मधला तो शोधनिबंध गिझाविषयी नाही, सक्काराच्या जोसर पिरॅमिडविषयी आहे. जवळच्या दगडी आवाराचा बंधारा म्हणून उपयोग झाला आणि पिरॅमिडखालच्या विहिरीत पाणी भरून तराफ्यासारखे दगड वर आणले, अशी ती मांडणी आहे. वाळवंटाच्या कडेला एवढं पाणी सातत्यानं मिळत होतं का, हा आक्षेप अजून उभा आहे.

पाण्याचा खरा वाटा दुसरीकडे आहे. त्याच वर्षी इमान घोनैम यांच्या गटानं नाईलचा बुजलेला, सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा फाटा दाखवून दिला. ३१ पिरॅमिड त्याच्या काठानं आहेत. आज वाळूत एकाकी दिसणारे पिरॅमिड त्या काळी धक्क्याजवळ होते. मेरेरची नाव तिथवर कशी पोचत होती हे त्यामुळे नीट समजतं.

आणि वाळूवर पाणी ओतण्याचं काय?

ते पटण्यासारखं आहे. देर अल-बर्शा इथल्या जेहुतीहोतेपच्या थडग्यात (इ.स.पू. १९०० च्या सुमाराचं) १७२ माणसं एक अवाढव्य पुतळा घसरगाडीवरून ओढताना चितारली आहेत, आणि घसरगाडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून एक माणूस समोर पाणी ओततो आहे. हा धार्मिक विधी असावा, असं पुष्कळ काळ मानलं जाई. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं की वाळू योग्य प्रमाणात ओली केली तर ओढायला लागणारं बळ जवळपास निम्म्यावर येतं. कोरडी वाळू घसरगाडीपुढे ढीग होऊन साचते, ओलसर वाळू साचत नाही.

पतंगानं दगड उचलल्याचा प्रयोग यशस्वी झाला होता ना?

हो, २००१ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे तीन टनांचा स्तंभ मोठ्या पतंगाच्या ओढीनं उभा करून दाखवला. वाऱ्यात तेवढी ताकद असते एवढंच त्यातून कळलं. प्राचीन इजिप्तमध्ये असा पतंग, त्याचं चित्र किंवा उल्लेख काहीच मिळालेला नाही.

पाय (गणितातला π), प्रकाशाचा वेग, सूर्याचं अंतर हे सगळं पिरॅमिडच्या मापांत कसं काय येतं?

तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

पायचा संबंध मापांत खरोखर आहे. पायाची परिमिती भागिले उंची केली की दोन पायच्या अगदी जवळचा आकडा येतो. कारण असं: इजिप्तचे कारागीर उतार मोजताना एक हात उंचीला कडा किती मूठ आत घ्यायची ते ठरवत. हात सात मुठींचा. खुफूच्या पिरॅमिडसाठी साडेपाच मुठी घेतल्या. पाया ४४० हात, उंची २८० हात. परिमिती १,७६० ला २८० नं भागा, ४४/७ येतात, म्हणजे २२/७ ची दुप्पट. सात मुठींच्या हातातून आणि साडेपाचाच्या निवडीतून २२/७ आपोआप पडतं. वर्तुळाच्या क्षेत्रफळासाठी त्यांनी वापरलेली रीत नंतरच्या ऱ्हिंड पपायरसमध्ये, म्हणजे गणिताच्या एका प्राचीन हस्तलिखितात, आहे. तिच्यातून पायची किंमत सुमारे ३.१६ निघते.

प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आणि पिरॅमिडचा अक्षांश २९.९७९२४५८, हा मेसेज सगळ्यांना आलेला असतो. सात दशांश स्थळं म्हणजे जमिनीवर सुमारे एक सेंटीमीटर. पिरॅमिड २३० मीटर रुंद आहे, त्यात वीस हजारांहून जास्त असे ‘अचूक’ अक्षांश बसतात. त्यातला हवा तो निवडला आहे. शिवाय मीटर हे माप १७९० च्या दशकात फ्रान्समध्ये ठरलं.

उंची गुणिले शंभर कोटी म्हणजे सूर्याचं अंतर, हा दावा करून पाहा: १४.६६ कोटी किलोमीटर येतात. सरासरी अंतर १४.९६ कोटी आहे. तीस लाख किलोमीटरांची चूक.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे राजज्योतिषी चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी असाच ‘पिरॅमिड इंच’, म्हणजे पिरॅमिड ज्या मापानं बांधला असं ते मानत ते एकक, मांडला होता. तरुण फ्लिंडर्स पेट्री त्या मताच्या प्रभावाखाली १८८० मध्ये गिझाला मोजणीसाठी गेले आणि काटेकोर मापं घेतल्यावर तो इंच टिकत नाही असं त्यांनीच जाहीर केलं. हा त्यांचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

पिरॅमिड बारा हजार वर्षं जुने आहेत, मृग नक्षत्राच्या रचनेवर बेतलेले आहेत, असं का म्हणतात?

मृगातल्या मधल्या तीन ताऱ्यांशी गिझाचे तीन पिरॅमिड जुळतात, ही कल्पना रॉबर्ट बोव्हाल यांची. ते तीन पिरॅमिड तीन वेगवेगळ्या राजांनी आपापल्या काळात बांधले, आणि त्याच राजवंशाचे इतर पिरॅमिड त्या नक्षत्रात बसत नाहीत. वयाबद्दल म्हणाल, तर मसाल्यातल्या कोळशाची कार्बन चाचणी १९८४ आणि १९९५ अशी दोनदा झाली. ती वयं ऐतिहासिक कालगणनेपेक्षा शे-दोनशे ते काही शे वर्षांनी जास्त आली. जुनं लाकूड जाळलं असेल तर तसं होतं. पण हजारो वर्षांचा फरक कुठेच नाही.

खुफूचं नाव नंतर कोणीतरी रंगवलं, ही शंका कुठून आली?

राजाच्या दालनावरच्या चार बंद पोकळ्या १८३७ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी हॉवर्ड व्हाइस यांनी सुरुंग लावून उघडल्या. आत लाल रंगात टोळ्यांची नावं आणि खुफूचं नाव मिळालं. ते व्हाइस यांनीच रंगवलं, असा आरोप पुढे झाला. पण काही खुणा दोन दगडांच्या सांध्यात आत शिरलेल्या आहेत, जिथे दगड बसल्यावर कुंचला पोचूच शकत नाही, आणि काही उलट्या आहेत, कारण त्या खाणीतच काढल्या होत्या. २०१३ मध्ये काही जर्मन हौशी संशोधकांनी ‘तपासणीसाठी’ इथला रंग खरवडून नेला. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मजुरांच्या हातची ती अक्षरं होती. असं नुकसान कुठल्याही सिद्धांतासाठी माफ करता येत नाही.

गुलामांनी बांधले की मजुरांनी?

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं एक लाख माणसं आणि वीस वर्षं असा आकडा दिला, पण तो पिरॅमिडनंतर दोन हजार वर्षांनी तिथे गेला होता. १९९० मध्ये एका घोड्याचा पाय मातीच्या भिंतीला अडखळला आणि कामगारांची दफनभूमी उजेडात आली. जवळच पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांच्या चमूनं कामगारांची वस्ती खोदून काढली: पावाचे मातीचे साचे, भट्ट्या, गुरं आणि शेळ्यामेंढ्यांच्या हाडांचे ढीग. दफनभूमीतल्या सांगाड्यांत मोडून नीट सांधलेली हाडं आहेत, म्हणजे उपचार होत होते. मणके झिजलेले आहेत, म्हणजे कष्ट जिवघेणे होते.

विकत घेतलेले गुलाम असं या पुराव्यांवरून म्हणता येत नाही. पण सगळे आनंदानं राबत होते असं चित्र रंगवणंही चूक. राज्यानं ठरवलेली सक्तीची पाळी, तिच्यासोबत पोटभर अन्न आणि राजाच्या पिरॅमिडशेजारी मूठमाती, असं ते मिश्रण दिसतं.

२०२५ मध्ये पिरॅमिडखाली प्रचंड स्तंभ आणि शहर सापडलं, त्याचं पुढे काय झालं?

इटलीतल्या एका गटानं उपग्रहांच्या रडारवरून गिझाच्याच दुसऱ्या, खाफ्रे राजाच्या पिरॅमिडखाली ६०० मीटरांहून खोल रचना दिसल्याचा दावा केला. तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध त्यामागे नव्हता. उपग्रहाची रडारलहर कोरड्या वाळूत फार तर काही मीटर जाते, सलग खडकात तेवढीही नाही. पिरॅमिड हे वीजकेंद्र होतं, या जुन्या दाव्याला या बातमीनं पुन्हा हवा दिली. पण तिथे तार, धातूचे वाहक किंवा जळाल्याच्या खुणा, काही म्हणता काही मिळालेलं नाही.

वेरूळच्या कैलास लेण्याबद्दलही असेच दावे ऐकू येतात. त्यांचं काय?

तर्क तोच, उत्तरही तेच. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात अखंड खडक वरून खाली कोरत कैलास घडलं. हे कसं केलं ते पाहायचं असेल तर अर्धवट राहिलेली कामं पाहावीत. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अपुरं राहिलं, त्यात खडक कोणत्या क्रमानं काढत गेले ते दिसतं. अस्वानचा तुटका स्तंभ जे सांगतो तेच हे लेणं सांगतं. ‘माणसाला जमणार नाही’ असं म्हणताना आपण आपल्याच पाथरवटांचं श्रेय काढून घेतो, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

कोणता पुरावा मिळाला तर आजची समजूत बदलावी लागेल?

चिऱ्याच्या गाभ्यात गवताची काडी किंवा माणसाचा केस सापडला तर ओतीव दगडाचा सिद्धांत पुन्हा उभा राहील. म्युऑनच्या नकाशात वळसे घेत चढणारी पोकळी दिसली तर उदँ बरोबर ठरतील. पायाच्या दगडाखाली, कोणी न हलवलेल्या थरात, बारा हजार वर्षांपूर्वीचं धान्य किंवा हाड मिळालं तर कालगणना नव्यानं मांडावी लागेल. सज्जावरच्या ३० मीटरांच्या पोकळीत अजून कोणी पोचलेलं नाही. ती भार हलका करण्यासाठी सोडलेली जागा आहे, बांधकामाच्या वेळचा मार्ग आहे की आणखी काही, यावर आज कोणाचाच दावा सिद्ध झालेला नाही.